जुन्या पिकअपचे ब्रेक धरून राहतायत? पार्ट बदलायच्या आधी हे तपासा

गाडी ओढत नाही, ॲव्हरेज पडलंय, चढाला जिथे तिसरा चालायचा तिथे दुसरा टाकावा लागतोय, अशी तक्रार आली की लोक आधी डिझेल फिल्टर बदलतात, मग एअर फिल्टर, मग कोणीतरी सांगतं पंप दाखव, आणि एवढं सगळं होईपर्यंत चारही चाकांजवळ हात नेऊन बघायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. जुन्या बोलेरो पिकअप, टाटा २०७ या जातीच्या गाड्यांमध्ये, म्हणजे पुढे डिस्क, मागे ड्रम आणि मध्ये पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूमचा बूस्टर, पाय काढल्यावरही ब्रेक अर्धवट धरून राहणं हा नेहमीचा आजार आहे. तो हळूहळू वाढतो म्हणून रोज चालवणाऱ्याला कळतही नाही.

खाली लिहिलंय ते घरी किंवा वाडीवर साध्या हत्यारांनी करता येईल असं आहे. दुरुस्ती तुम्ही स्वतः करा नाहीतर मेकॅनिककडून करून घ्या, पण निदान आधी झालंच पाहिजे. नाहीतर होतं काय, चाक धरतंय म्हणून कॅलिपर (डिस्कवर पॅड आवळणारा भाग) बदलला, आठवड्याने परत धरायला लागलं, मग मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा) बदलला, परत तेच, आणि शेवटी निघालं काय तर एक रबरी होज पाइप.

पहिली अडचण म्हणजे गाडी गॅरेजला नेली की एकदम सुतासारखी सरळ वागते. रात्रभर उभी राहिली की थंड होते, अडकलेलं प्रेशर उतरून जातं आणि सकाळी मेकॅनिक चाक फिरवून म्हणतो काही नाहीये हो. म्हणून तपासणी करायची ती ब्रेक धरलेला असतानाच, गाडी चालवून आणून, गरम असताना. बाकी सगळं यावर अवलंबून आहे.

धरतोय हे नक्की करा

सपाट, मोकळ्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या स्पीडला गाडी न्यूट्रल करा आणि बघा कशी पळते. चांगली गाडी आरामात लांबपर्यंत जाते, धरलेली गाडी कोणीतरी मागून दोरीने ओढल्यासारखी पटकन बसते. एका बाजूला खेचत असेल तर ती बाजू लक्षात ठेवा. मग किंचित उतारावर उभी करून हँडब्रेक सोडा आणि पायाचाही ब्रेक सोडा, गाडी स्वतःहून हलायला पाहिजे.

पेडलही बरंच काही सांगतं. सकाळी निघताना पेडल नॉर्मल आणि दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर वर येऊन कडक झालं, थोडं दाबलं तरी गाडी झटकन थांबायला लागली, तर लाइनमध्ये प्रेशर अडकून राहतंय असं जवळजवळ नक्की समजा. उष्णतेने ब्रेक ऑइल फुगतं, त्याला परत मास्टरवरच्या टाकीत जायला वाट नाही, मग ते पॅड अजून आवळतं, त्याने उष्णता अजून वाढते. आणि हेच पेडल नंतर अचानक खाली जमिनीला टेकू शकतं, कारण ऑइलला उकळी फुटते. DOT ३ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवीन असताना निदान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो आणि पाणी शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो, DOT ४ चा २३० वरून १५५ वर. जुनं ऑइल, पावसाळी हवा आणि धरलेलं चाक घेऊन माळशेज नाहीतर आंबा घाट उतरायचा म्हणजे काय ते तुम्हीच समजून घ्या.

आता कुठलं चाक ते शोधा. दहा-पंधरा किलोमीटर सपाटीला चालवा, ब्रेक शक्य तितका कमी वापरा, शेवटी गियर उतरवत उतरवत थांबा. घाटातून उतरून लगेच तपासू नका, तिथे सगळीच चाकं तापलेली असतात आणि काहीच कळत नाही. उतरून चारही चाकांजवळ हाताची मागची बाजू न्या, पण टेकवू नका, धरलेल्या चाकाची डिस्क कातडं सोलून काढेल. पुढची चाकं मागच्यापेक्षा थोडी गरम असणं नॉर्मल आहे, म्हणून पुढच्याची तुलना मागच्याशी करू नका, डाव्याची उजव्याशी करा. लांबून तापमान मोजायची ती गन असेल तर उत्तम, पण चकचकीत डिस्कवर ती खरं तापमान दाखवत नाही, कमी दाखवते, तेव्हा आकड्यावर जाऊ नका, दोन्ही बाजूंना अगदी त्याच जागेवर धरून फरक बघा. गन नसेल तर ओल्या बोटांनी ड्रमवर दोन थेंब शिंपडा, चर्रर्र आवाज झाला की समजलं. दोन थेंब म्हणतोय बरं का, बाटली ओतायची नाही, तापलेल्या ड्रमला किंवा डिस्कला एकदम गार पाणी लागलं तर तडा जाऊ शकतो.

एक फसगत इथे होते ती बेअरिंगची. व्हील बेअरिंग जाम व्हायला लागलं तरी चाक तापतं. पण त्यात उष्णता मध्ये, हबला जास्त असते, घूं घूं आवाज स्पीडबरोबर वाढतो, आणि चाक उचलून वरखाली धरून हलवलं तर बऱ्याचदा प्ले (ढिलेपणा) जाणवतो. ब्रेकच्या बाबतीत डिस्क किंवा ड्रम जास्त तापतो आणि तो लायनर (पॅड आणि शूवरचा घासणारा थर) जळल्याचा उग्र वास येतो, जो एकदा घेतला की विसरत नाही.

किती चाकं गरम आहेत त्यावरून निम्मं काम होतं. एकच चाक तापतंय तर दोष त्या चाकाशीच, म्हणजे कॅलिपर, तो ज्यांवर सरकतो त्या पिना, ड्रममधले शू, त्यांना ढकलणारा व्हील सिलेंडर किंवा त्या चाकाचा होज. मागची दोन्ही तापतायत तर हँडब्रेक, नाहीतर चासीवरून मागच्या ॲक्सलवर येणारा एकुलता एक होज, तिथून पुढे टी लागून दोन्ही चाकांना पाइप जातात. पुढची दोन्ही तापतायत तर बहुतेक मास्टर सिलेंडरचा पुढच्या सर्किटचा भाग, कारण या गाड्यांत पुढची लाइन वेगळी आणि मागची वेगळी असते. चारही तापतायत तर चाकं सोडा, पेडल, बूस्टर, मास्टर आणि ऑइल बघा.

निप्पलची टेस्ट

ही सगळ्यात महत्त्वाची टेस्ट, आणि सगळ्यात जास्त टाळली जाते, कारण तिच्यात हात ऑइलने भरतात. चाक धरतंय ते एक तर आतमध्ये ऑइलचं प्रेशर अडकलंय म्हणून, नाहीतर प्रेशर गेलंय पण लोखंड गंजून अडकलंय म्हणून. या दोन्हींचे उपाय वेगळे, पार्ट वेगळे, खर्च वेगळा. कुठलं कारण आहे ते चाकाजवळचं एअर काढायचं निप्पल अर्ध्या मिनिटात सांगतं.

आधी सुरक्षा. पक्की सपाट जागा, जे चाक उचलणार नाही त्या ॲक्सलच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे, जॅकवर उचलून खाली घोडी (आधाराचा स्टँड), आणि मगच हात आत. मागचं चाक तपासताना हँडब्रेक सोडलेला आणि गियर न्यूट्रल असतो, म्हणजे गाडीला धरून ठेवणारं त्या दगडांशिवाय काहीच नसतं, तेव्हा दगड नावापुरता नको.

निप्पलवर आदल्या दिवशी गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. जुन्या गाडीचं निप्पल हे सरळ सुटेल असं गृहीत धरायचं नाही, फिक्स पाना लावून जोर केला की कडा गोल होतात, अजून जोर केला की तुटतं आणि मग कॅलिपर लेथवाल्याकडे. रिंग पाना लावा, डोक्यावर हलकेच ठोका, किंचित आवळायच्या दिशेने आणि मग सोडायच्या दिशेने असं करत करत हलवा.

आता गाडी चालवून आणलेली, चाक धरलेलं, उचललेलं. हाताने फिरवून बघा. पॅडचा हलका खरखर आवाज डिस्कला चालतो, तो दोष नाही. पण दोन्ही हातांनी जोर लावूनही चाक जड जात असेल तर धरलंय. निप्पलवर सलाईनची नळी चढवा, दुसरं टोक बाटलीत, चेहरा बाजूला ठेवा (अडकलेलं प्रेशर असेल तर ऑइल उडतं आणि डोळ्यात गेलं तर वाईट आहे) आणि निप्पल अर्धा आटा सोडा.

ऑइलची एक पिचकारी आली आणि चाक एकदम मोकळं झालं तर प्रेशर अडकलं होतं. कॅलिपरला, शूला दोष देऊ नका, गडबड मागे कुठेतरी आहे. ऑइल नुसतं निवांत थेंबथेंब गळलं आणि चाक आहे तस्संच जड राहिलं तर प्रेशरचा काही संबंध नाही, त्या चाकातलंच काहीतरी जाम आहे. निप्पल बंद करा आणि लिहून ठेवा, कारण चार चाकांचं केल्यावर कुठल्याचं काय झालं ते डोक्यात राहत नाही.

प्रेशर अडकलंय, पण कुठे

चाकाकडून मास्टरकडे एकेक टप्पा मागे जायचं. निप्पल बंद करून कोणाला तरी दोन-चार वेळा ब्रेक दाबायला सांगा, सोडायला सांगा, चाक परत धरलं याची खात्री करा. मग त्या चाकाचा रबरी होज आणि लोखंडी पाइप जिथे जोडलाय तो जॉइंट पाइपच्या बाजूने थोडा ढिला करा. तिथून ऑइल आलं आणि चाक सुटलं तर होज मोकळा आहे, अजून मागे जा. तिथे ढिलं करूनही चाक आवळलेलंच राहिलं, आणि निप्पल सोडल्यावर मात्र सुटलं, तर होज गेला.

होजबद्दल थोडं जास्त लिहितो कारण तो बाहेरून चांगला दिसतो आणि म्हणून सुटतो. आतलं रबर फुगतं किंवा त्याचा पदर सुटतो. पायाच्या जोराने ऑइल पुढे ढकललं जातं, कारण तो जोर खूप असतो, पण परत येताना मागे ढकलणारं फारसं काही नसतं, मग ऑइल तिथेच बसून राहतं. होज नुसता एकतर्फी व्हॉल्व्ह होतो. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की हळूहळू झिरपून चाक मोकळं होतं, आणि म्हणूनच गॅरेजमध्ये दोष सापडत नाही. समुद्राकाठच्या गाड्यांमध्ये अजून एक प्रकार बघायला मिळतो, होज जिथे लोखंडी पट्टीने धरलेला असतो ती पट्टी आतून गंजते, गंज फुगतो आणि होजचा गळा आवळतो. हात फिरवून बघा, पट्टीखाली रबर चेपलेलं लागलं तर दुसरं काही शोधायची गरज नाही. पुढचा होज बदलायचा तर डावा-उजवा दोन्ही बदला, एक गेलाय म्हणजे दुसऱ्याचंही वय तेवढंच आहे.

होज मोकळा निघाला तर आता बॉनेट उघडा. पण पाना हातात घ्यायच्या आधी पेडल बघा. इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेल, मग पेडल हाताने हळूच दाबा, सुरुवातीचे काही मिलिमीटर अगदी सैल गेले पाहिजेत. तो प्ले नसेल तर पेडल पूर्ण परत येत नाही, आणि पेडल पूर्ण परत आलं नाही तर मास्टरचा पिस्टन मागे जात नाही, ऑइलची परतीची वाट बंद. कारणं कधीकधी हसू येईल अशी असतात. जाड मॅट पेडलच्या मागे अडकलेली, ब्रेक लाइटचा स्विच कोणीतरी बदलून जास्त पुढे घेतलेला आणि तो पेडलला दाबून ठेवतोय, पेडलच्या पिनवर ग्रीस नाही, परत ओढणारी स्प्रिंग तुटलेली.

पेडल ठीक असेल तर मास्टर सिलेंडरचे बूस्टरवरचे दोन नट दोन-तीन मिलिमीटर सैल करा आणि मास्टर पुढे ओढून बघा. चाक सुटलं तर बूस्टरमधून येणारा रॉड मास्टरला दाबून धरतोय. मास्टर किंवा बूस्टर नुकताच बदललेला असेल तर आधी यावरच संशय घ्या, रॉडची लांबी न जुळवता बसवलं की हे होतंच. अशा वेळी लोक नटांखाली वायसर टाकून वेळ मारून नेतात. तपासायला ठीक आहे, पण गाडी तशी चालवायची नाही, रॉडची लांबी नीट सेट करा.

नट सैल करून फरक पडला नाही, पण मास्टरमधून निघणारा पाइप ढिला केल्यावर चाक सुटलं, तर मास्टरच्या आतलं परतीचं बारीक छिद्र बंद आहे. छिद्र सुईने साफ करायला जाऊ नका, आतल्या भिंतीला ओरखडा गेला की सिलेंडर कामातून गेला.

बूस्टरची वेगळी टेस्ट सोपी आहे. चाक उचललेलं असताना, पेडलला पाय न लावता इंजिन चालू करा. इंजिन बंद असताना मोकळं फिरणारं चाक इंजिन चालू केल्यावर आपोआप जड झालं तर बूस्टर स्वतःच ब्रेक लावतोय. पुढचं चाक घ्या या टेस्टला. डिझेल गाडीत व्हॅक्यूम पंपावरून येतो, बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागे असतो, पण पंप खराब झाला तर ब्रेक कडक होऊन लागत नाहीत, धरून राहत नाहीत, त्यामुळे धरण्याच्या तक्रारीला पंप बदलायला कोणी सांगितला तर नमस्कार करून निघा.

ऑइलची भानगड

चारही चाकं धरतायत, पेडलला प्ले आहे, रॉड ठीक आहे, तर टाकीचं झाकण उघडून त्याच्या आतलं रबर बघा. ते रबर झाकणात चपखल बसलेलं असतं. बाहेर काढल्यावर ते लाटांसारखं वाकडंतिकडं झालेलं असेल आणि परत झाकणात मावतच नसेल, तर ब्रेकच्या टाकीत कोणीतरी इंजिन ऑइल, गियर ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल ओतलंय. ब्रेक ऑइल हे खनिज तेल नाही, ग्लायकॉलच्या जातीचं द्रव आहे, आणि ब्रेकची रबरं त्यासाठीच बनवलेली असतात. त्यांना पेट्रोलियम लागलं की ती फुगतात, मास्टरमधलं रबर फुगून परतीचं छिद्र झाकतं, कॅलिपरमधलं सील पिस्टनला सोडत नाही.

खात्री करायची असेल तर काचेच्या ग्लासात पाणी घ्या आणि टाकीतलं थोडं ऑइल त्यात टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. वर तेलाचा तवंग तरंगला तर भेसळ झालेली आहे. अशा गाडीत नुसतं ऑइल बदलून भागत नाही, मास्टरचं किट, कॅलिपरची सीलं, व्हील सिलेंडरची रबरं, सगळे होज, म्हणजे ज्याला रबर आहे ते सगळं बदलायचं आणि लोखंडी पाइप धुवायचे. खर्च ऐकून मालक उडतो, मान्य आहे, पण यात अर्धवट काम केलं तर नवीन रबरंही पाइपात राहिलेल्या तेलाने फुगतात.

आणि हे फक्त चुकीचं ऑइल ओतल्याने होतं असं नाही. आपल्याकडे व्हील सिलेंडर खोलला की त्याचे पार्ट थेट डिझेलच्या ट्रेमध्ये जातात, ब्रश मारून साफ, मग फडक्याने पुसून बसवले. लोखंडाला चालेल, पण डिझेल राहिलेल्या सिलेंडरमध्ये नवीन रबर बसवलं की ते फुगायला सुरुवात झालीच. पेट्रोल, रॉकेल, तेच. ब्रेकचे आतले पार्ट स्वच्छ ब्रेक ऑइलने किंवा स्पिरिटने धुवायचे. उभे राहून बघा काम चालू असताना, आणि ट्रे पुढे सरकला की नाही म्हणा, मेकॅनिक तोंड वाकडं करेल, करू दे.

लोखंड जाम आहे

निप्पल सोडूनही चाक जड राहिलं तर इथे या.

पुढच्या डिस्कमध्ये पिस्टन मागे ओढायला स्प्रिंग नसते. ब्रेक दाबला की पिस्टनभोवतीचं चौकोनी कडेचं सील किंचित वाकतं, सोडला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढतं, बस. म्हणून पिस्टनवर जरा गंज आला की ते बिचारं सील त्याला ओढू शकत नाही. कॅलिपर काढून, निप्पल सोडून, सी-क्लॅम्पने पिस्टन हळूहळू आत दाबून बघा. एकसारखा गेला तर पिस्टन बरा आहे. अडखळला, किंवा जाईचना, तर डस्ट रबर फाटलंय का बघा, आत गंजाचे खड्डे पडलेत का बघा. खड्डे असतील तर पॉलिश पेपरने घासून वेळ घालवू नका, पिस्टन किंवा पूर्ण कॅलिपर बदला. काढलेला कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा.

त्याहून जास्त वेळा दोष असतो सरकणाऱ्या पिनांमध्ये. कॅलिपर दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, त्या सुकल्या की सरकत नाही. पॅड काढून शेजारी शेजारी ठेवा आणि झीज बघा. एकच पॅड तिरका झिजलाय तर एक पिन अडकलीय. बाहेरचा पॅड जास्त खाल्लाय तर कॅलिपर सोडताना परत सरकत नाही. आतला जास्त खाल्लाय तर पिस्टन आणि पिन दोन्ही बघा. पिना ब्रेकसाठीच्या सिलिकॉन ग्रीसने बसवा, बेअरिंगचं पिवळं ग्रीस लावलं की पिनेचं रबर फुगतं आणि पुन्हा तीच कथा. पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथला गंज तारेच्या ब्रशने काढा, पॅड हाताने सरकला पाहिजे, हातोडीने बसवावा लागत असेल तर तो कधीच मागे येणार नाही.

मागे ड्रम काढताना निघत नसेल तर आधी ॲडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा) मागच्या प्लेटच्या भोकातून सैल करा, कारण ड्रमच्या कडेला झिजून कंगोरा तयार झालेला असतो आणि शू त्यात अडकतात. ड्रमवर आट्यांची भोकं असतील तर त्यात बोल्ट आवळत गेलं की ड्रम स्वतःहून बाहेर येतो, घण घालायची गरज नाही. आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा.

आत काय बघायचं? मागच्या प्लेटवर शू जिथे टेकतात त्या जागांवर बोट फिरवा, वर्षानुवर्षं घासून खाच पडलेली असते आणि शू त्या खाचेत अडकून परत येत नाही. स्प्रिंगा तापून सैल पडलेल्या असतात, डाव्या-उजव्या शेजारी धरल्या की लांबीत फरक दिसतो. व्हील सिलेंडरचं डस्ट रबर वर करून बघा, आत ओलं असेल तर किट किंवा सिलेंडर लागणार. ॲडजस्टर डावा-उजवा उलट बसवलाय का तेही बघा, अनेक गाड्यांत दोन्हीचे आटे उलटे असतात आणि अदलाबदल झाली की सगळं गणित उलटं होतं.

हँडब्रेक ही मागच्या चाकांची वेगळी डोकेदुखी. दोन्ही केबल जिथे एकत्र येतात तिथून सोडा. चाकं मोकळी झाली तर केबल दोषी, जॅकेटमध्ये पाणी जाऊन आतली वायर गंजलेली असते. नाही झाली तर ड्रममधला लिव्हर अडकलाय. आणि हँडब्रेक वर खूप येतो म्हणून नुसती केबल आवळायची जी सवय आहे ती धरण्याचं मोठं कारण आहे. आधी शू ॲडजस्ट करायचे, केबल सगळ्यात शेवटी. भरलेल्या गाडीलाच मागची चाकं धरत असतील आणि रिकामी झाली की सुटत असतील तर केबल कुठून नेलीय ते बघा, पाटे (लीफ स्प्रिंगा) वजनाने बसले की ॲक्सल आणि चासीतलं अंतर बदलतं आणि चुकीच्या जागेवरून नेलेली केबल ताणली जाते.

पावसाळ्यात चार-आठ दिवस गाडी हँडब्रेक लावून उभी राहिली की लायनर ड्रमला गंजाने चिकटतं. पहिला-रिव्हर्स करत हळूच झोके द्या, नाही सुटलं तर ड्रमला बाजूने लाकडी हातोडीने ठोका. भरपूर रेस देऊन ओढली तर शूवरून लायनरच उखडून येतं. जास्त दिवस उभी करायची असेल तर गियरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा आणि हँडब्रेक सोडून द्या.

रस्त्यात धरलं तर

धूर निघाला तर बाजूला घ्या, माल वाळलेला कडबा वगैरे असेल तर माणसं लांब, कारण टायर पेटू शकतो. गार होऊ द्या. मागची चाकं तापलेली असतील तर हँडब्रेक ओढू नका, दगड लावा. निप्पल सोडून प्रेशर काढता येतं आणि गाडी बाजूला घेण्यापुरती मोकळी होते, पण निप्पल बंद करून पेडल तपासल्याशिवाय चाक फिरवायचं नाही, आणि पुढच्या वेळी ब्रेक दाबला की परत धरणारच आहे हे डोक्यात ठेवा. त्या चाकाची लाइनच ठोकून बंद करून गाडी पळवायचा जो जुगाड चालतो तो करू नका, तीन चाकांचा ब्रेक ओल्या रस्त्यावर गाडी आडवी करतो.

दुरुस्ती झाल्यावर एअर काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा, मागच्या ॲक्सलजवळच्या, मालाच्या वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्व्हवर निप्पल असेल तर तेही घ्या, आणि सीलबंद डब्यातलं ऑइल वापरा, अर्धवट उघडा पडलेला डबा हवेतलं पाणी पितो. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग जातो. मग इंजिन चालू करून पेडल दाबून धरा, हळूहळू खाली जात नाही ना बघा, आवारातच दोन-तीनदा थांबवून बघा, आणि मगच रस्त्यावर. परत तेच दहा-पंधरा किलोमीटर चालवून डावं-उजवं तपासा, एकदा रिकामी आणि एकदा माल भरून. नवीन पॅड किंवा लायनर पहिल्या काही फेऱ्यांना बसेपर्यंत थोडे जास्त तापतात, पण दोन्ही बाजूंना सारखे तापले पाहिजेत. आणि काढलेल्या चाकांचे नट पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळून घ्या.